गुरुवारचे ठोके

झुलेखा फोन संपवून आत आली तेव्हा पडद्यावरची रेघ चढत होती. चढायला नको होती. पस्तीस मिनिटांपूर्वी तिने स्वतःच्या हाताने वहीत लिहिलं होतं, ‘रेणू क्र. २१४, थांबला, दहा मिनिटं पूर्ण, मृत’, आणि लेसर बंद करायला बोट बटणापाशी नेलं तेवढ्यात जास्मिनचा, तिच्या भावजयीचा, फोन वाजला होता. या खोलीत फोनवर बोलायचं नाही, मोठ्याने बोललं तरी रेघ थरथरते, म्हणून ती तशीच बाहेर पळाली. दोन मिनिटांचं बोलणं म्हणून गेली आणि बाईसाहेब अडकल्या. आता बारा पन्नास झाले होते, बटण दाबायचं राहूनच गेलं होतं, आणि ज्याला तिने मेलेला म्हणून लिहिलं तो चालत होता. तिने नोंद मागे सरकवून पाहिली. सरळ रेघ, सरळ रेघ, एकेचाळीस मिनिटं नुसती सरळ रेघ. आणि बारा सेहेचाळीसला, काही कारण नाही, निमित्त नाही, रेघेने मान वर केली होती. तसं बघितलं तर अशी काय मोठी गोष्ट होती? डोळ्यांना न दिसणारं एक प्रथिन जरा वेळ बसलं होतं, उठून चालायला लागलं. पण तिचे हात गार पडले हे खरं, आणि आपल्याला भीती कसली वाटतेय हे तिला लगेच कळलं नाही, हेही खरं.

तिचं काम काय, हे तिच्या घरात कुणालाही धड सांगता येत नसे. प्रयोगशाळेतला तिचा जोडीदार अजिंक्य, मोशीच्या जुन्या शेतकरी घरातला, आपल्या आत्याला सांगायचा, “उजेडाचा चिमटा असतोय. त्याच्यात डीएनएचा एक धागा ताणून धरायचा आन् त्याच्यावर चालणारी मुंगी बघत बसायची.” आत्या म्हणायची, “याचा पगार देत्यात व्हय?” पण अजिंक्यचं सांगणं काही चूक नव्हतं. धागा बॅगेच्या चेनसारखा दुपदरी असतो, आणि मुंगी म्हणजे ते प्रथिन, ती चेन उघडत पुढे जातं. उघडत गेलं की पडद्यावर रेघ चढते. प्रथिन धागा सोडून पळालं तर चेन आपोआप मिटते आणि रेघ धाडकन खाली येते. आणि रेघ चढतही नाही, पडतही नाही, नुसती आडवी पसरते, तेव्हा समजायचं की तो अजून तिथेच आहे, धरून बसलाय, फक्त चालत नाहीये. परीक्षानळीत अशी कोट्यवधी प्रथिनं एकदम घातली तर हातात येते सरासरी, आणि सरासरीत थांबलेला दिसत नाही. म्हणून तर हा सगळा खटाटोप, एका वेळी एकच रेणू धरायचा. त्यात आजूबाजूला सगळा कारखान्यांचा मुलूख. भिंतीपलीकडे फोर्जिंगची कंपनी, तिचा हॅमर दर चार सेकंदांनी लाल लोखंडावर पडायचा, आणि चिमटा ज्यावर बसवलेला ते हवेच्या पायांवर तरंगणारं लाखमोलाचं टेबल थंडी भरल्यासारखं कापायचं. पहिलं वर्ष रेघा सगळ्या काट्याकाट्यांच्या. रोज माप घेत बसायचे आणि डोकं धरायचे. मग एकदा अजिंक्यच म्हणाला, “राव, आपण येडे आहोत. गुरुवारी घेऊ की!” गुरुवार म्हणजे एमआयडीसीची सुट्टी. हॅमर बंद, प्रेस बंद, रस्त्यावरचे ट्रेलरसुद्धा कमी. तेव्हापासून यांचं खरं काम गुरुवारचं. बाकी सहा दिवस नुसता हिशेब.

दहा मिनिटांचा नियम झुलेखाचा होता. थांबलेल्याची वाट किती बघायची, असं अगदी पहिल्या महिन्यात साधना मॅडमनी विचारलं आणि हिने दहा सांगितले. दहाच का? बारा का नाहीत? कारण दहा बरे दिसतात, दुसरं काय! मागाहून लिहिताना तिने शास्त्रशुद्ध कारण जोडलं, की लेसरच्या उजेडाने प्रथिन भाजतं, दहा मिनिटं हललं नाही म्हणजे संपलं. त्या नियमाने आजवर एकशे अठरा रेणू बाद झाले होते. एकशे अठरा वेळा तिने बटण दाबलं होतं, बहुतेक वेळा जांभई देत.

साधना मॅडम, प्रयोगशाळेच्या प्रमुख, चष्मा कपाळावर चढवून बराच वेळ पडदा बघत राहिल्या. मग म्हणाल्या, “टेबल हललं असेल गं.”

“मॅडम, आज गुरुवार आहे.”

“हो की.” त्या परत वाकल्या. “मग जुना कशावरून? तो गेला असेल आणि त्याच्या जागी दुसरा येऊन बसला असेल.”

“जुना गेला असता तर चेन मिटली असती. रेघ पडली असती.”

“एखाद्या वेळी पटकन बसतो दुसरा. तुला दिसायच्या आत.” मॅडमचा आवाज मऊ होता, बाई मुळात वाईट नव्हत्याच. “हे बघ, पुढच्या महिन्यात शोधनिबंध पाठवायचाय. एक रेणू म्हणजे शेवटी एकच रेणू. त्याला बाहेर ठेव. नंतर निवांत बघू.”

आपलं सगळं कामच एकेका रेणूचं आहे, असं झुलेखाच्या ओठांवर आलं होतं. पण ती अडकली होती ‘दुसरा येऊन बसला असेल’ या शब्दांपाशी. कारण आत्ताच, बाहेर जिन्यात उभं राहून, ती पस्तीस मिनिटं त्याच विषयावर बोलली होती. जास्मिन म्हणाली होती, “आपा, शनिवारी अकरा वाजता काझीसाहेबांकडे. अब्बांचं बयान आणि तुझं. दोन वाक्यं आहेत, घोकून ये.” मग जास्मिन रडली, मग हसली, मग ज्याच्याशी तिचा नवा निकाह ठरत होता त्या अजिमबद्दल बोलली. तळेगाव रस्त्यावर टायरचं दुकान, बायको वारलेली, शांत माणूस, जास्मिनच्या लेकीला, जिकराला, शाळेतून आणतो तेव्हा तिचं दप्तर स्वतःच्या खांद्याला लावतो. झुलेखा हो हो म्हणत राहिली. तिला अजिम आवडतही होता. काझीसाहेबांकडे दिलेल्या अर्जात जास्मिनच्या नवऱ्याच्या, म्हणजे झुलेखाच्या भावाच्या, उमरच्या नावापुढे एक शब्द लिहिलेला होता, ‘मफ्कूदुल खबर’. तिने अर्थ विचारला तेव्हा जास्मिन म्हणाली होती, ज्याची खबर हरवली तो. म्हणजे माणूस हरवला असं नाही म्हणत. माणूस कुठेतरी असेल, नसेल, अल्ला जाणे. हरवली ती खबर. चार वर्षं वाट बघायची, खबर आली नाही तर काझी निकाह तोडून देतात. आणि मध्येच खबर आली, तर वाट पुन्हा पहिल्यापासून मोजायची.

उमर गेला तोही गुरुवारच होता. झुलेखापेक्षा चार वर्षांनी धाकटा, चाकणला एका हॅमरवर कामाला. नऊ वर्षं त्या आवाजात उभं राहून त्याचे कान गेले होते. पूर्ण नव्हे, पण मागून हाक मारली तर वळायचा नाही. आणि कान गेले तसतसं त्याचं थांबणं वाढलं. घास हातात घेऊन थांबायचा. वाक्य अर्ध्यावर टाकून थांबायचा. “काल सुपरवायझर म्हणत होता की…” आणि मग नुसता समोर बघत बसायचा, कुठे काय बघायचा देव जाणे. बाकीचे सांभाळून घ्यायचे. झुलेखाला मात्र धीर नव्हता, ती त्याच्या तोंडासमोर चुटकी वाजवायची, “अरे बोल की बाबा, मला बस पकडायचीये!” मग तो हसायचा आणि म्हणायचा, काही नाही आपा. कितीदा तिने ते ‘काही नाही’ घेऊन बस पकडली होती! त्या गुरुवारी तो सकाळी केस कापून येतो म्हणून चपला घालून गेला, जिकरा दोन वर्षांची होती, तिने दारातून टाटा केला, आणि बस्स. भांडण नव्हतं, कर्ज नव्हतं, बाई नव्हती. पोलीस म्हणाले, अशी माणसं येतात परत. अब्बांनी सहा महिने सगळ्या कंपन्यांच्या गेटवर फोटो दाखवला आणि एक दिवस फोटो पाकिटातून काढून कपाटात ठेवला.

आता जे झुलेखाने कुणालाच सांगितलं नव्हतं ते असं. दोन वर्षांपूर्वी दुपारी, ती याच खोलीत असताना, अनोळखी नंबरावरून फोन आला होता. तेव्हा आत फोन घेऊ नये हा नियम झालेला नव्हता. ती हॅलो म्हणाली, पलीकडून कुणी बोलेना. पण कुणीतरी होतं. श्वास होता, आणि श्वासामागे लांब कुठेतरी धप्प, आणि थांबून, धप्प. ती म्हणाली, “उमर?” उत्तर नाही. “उमर, तू आहेस का? बोल ना रे.” श्वास तसाच, गेलेला नाही, बोलतही नाही. पडद्यावर तेव्हा एक रेणू चालत चालत थांबला होता, त्याच्याकडे लक्ष ठेवायला हवं होतं, मॅडम दारातून खुणा करत होत्या, आणि झुलेखाने मनाला समजावलं की ठोके तर भिंतीपलीकडचे आहेत, आपल्याच शेजारचा हॅमर, फोनवर कुणी नाही, लागला असेल चुकून. आणि तिने फोन ठेवला. तिने ठेवला. मागाहून त्या नंबरवर लावला तर बंद, दुसऱ्या दिवशी बंद, महिनाभर बंद. पुढे तो मोबाइल पाण्यात पडला आणि नंबरही गेला. दोन वर्षं ती स्वतःला एकच गोष्ट सांगत आली होती, ठोके भिंतीपलीकडचे. रिक्षात बसलेली असताना, भाजी चिरताना, मधूनच कानात धप्प व्हायचं आणि ती म्हणायची, भिंतीपलीकडचे. इंद्रायणीच्या पुलावर बस अडकायची, तिथे कुठला आलाय हॅमर, पण तिथेसुद्धा तिला ऐकू यायचे. आणि मग एक भलताच विचार यायचा: त्याचे कान गेलेत. मी उमर उमर म्हणत होते ते त्याला ऐकूच आलं नसेल तर? तो मी बोलायची वाट बघत असेल तर?

आता, पडद्यावर दोनशे चौदावा चालत असताना, तिच्या डोक्यात पहिल्यांदाच ती गोष्ट आली जी दोन वर्षांपूर्वीच यायला हवी होती. एवढी शिकलेली बाई, आणि साधं वहीत बघावं हे सुचू नये! तिने कपाटातून जुनी नोंदवही काढली. सापडायला वेळ लागला नाही, तिचंच अक्षर, ‘रेणू क्र. ६१. १२.४०. फोनमुळे लक्ष नाही. थांबला. मृत.’ म्हणजे ज्या रेणूसाठी फोन ठेवला त्यालाही तिने बादच केलं होतं. तारीख होती, वार नव्हता. तिने संगणकात त्या दिवसाची रेघ उघडली. त्या पहिल्या वर्षातल्या सगळ्या रेघा काट्याकाट्यांच्या, दर चार सेकंदांनी एक काटा. ही मात्र स्वच्छ होती, ताणलेल्या दोऱ्यासारखी. एकही काटा नाही. तिने कॅलेंडर काढून वार पाहिला आणि खुर्चीवर बसली. गुरुवार. त्या दुपारी भिंतीपलीकडे हॅमर चालूच नव्हता. ठोके फोनमधले होते. जिथे गुरुवारी सुट्टी नसते अशा कुठल्यातरी गावात, हॅमरच्या आवाजात, कुणीतरी कानाला फोन लावून उभं होतं.

“झुलेखाताई, काय झालं? बरं नाही का?” अजिंक्य दारात उभा होता. ती म्हणाली, “काही नाही,” आणि आपल्या तोंडून ते शब्द ऐकून तिला रडूच आलं.

शुक्रवारी ती चाकणला अब्बांच्या गॅरेजवर गेली. मन्सूरभाईंचं गॅरेज म्हणजे चौकातलं जुनं ठिकाण. चालू इंजिनाला स्क्रूड्रायव्हरचं टोक लावायचं, मूठ कानाला लावायची आणि डोळे मिटून आतलं दुखणं सांगायचं, ही त्यांची ख्याती. लहानपणी झुलेखाचा आणि उमरचा कान त्या मुठीला लावून ते विचारायचे, “सांग, काय म्हणतंय?” उमरला नेहमी आधी कळायचं. आज तिने फोनचं काही सांगितलं नाही, नुसतं विचारलं, “अब्बा, उद्या आपण म्हणायचं ना, काहीच खबर नाही?”

“न्हाईच हाय तर न्हाईच म्हणायचं,” अब्बा हात पुसत म्हणाले. “पोरीचं वय काय बघ. एकोणतीस. आमी काय तिला अशीच बसवून ठिवायची?”

“आणि तो आला परत तर?”

अब्बांनी फडकं बाकावर टाकलं. “बेटा, मी बाप हाय. मला इचारू नको ते.” मग बऱ्याच वेळाने, कार्ब्युरेटर उघडता उघडता, तिच्याकडे न बघता म्हणाले, “तुला काय ठाऊक हाय का?” आणि झुलेखा नाही म्हणाली. एवढं सरळ खोटं ती आयुष्यात अब्बांशी बोलली नव्हती. परत येताना बसमध्ये ती दोन वाक्यं घोकत होती. माझा भाऊ चार वर्षांपूर्वी घरून गेला. त्यानंतर त्याची कसलीही खबर नाही. दोन वाक्यं म्हटली की जास्मिन सुटते, जिकराला बाप मिळतो, अब्बांना झोप लागते. न म्हटली तर? दोन वर्षांपूर्वीपासून मोजायचं, आणखी दोन वर्षं, आणि अजिम काही देवदूत नव्हे थांबायला. सगळं माप एका बाजूला जात होतं. दुसऱ्या बाजूला होता एक श्वास, आणि तो कुणाचा हेही छातीवर हात ठेवून सांगता आलं नसतं. पण दोन वाक्यं म्हणायची म्हणजे उमरच्या नावापुढे आपल्या हाताने ‘मृत’ लिहायचं, आणि या वेळी आपल्याला ठाऊक असताना.

काझीसाहेबांची खोली पिंपरीच्या बाजारात, अत्तराच्या दुकानावर. खाली अजिम स्कूटरपाशी थांबला, वर यायला संकोचला. काझीसाहेब वयस्कर, मऊ बोलणारे. शेजारी त्यांचे मुनशी लिहायला बसलेले. जास्मिनने फिकट निळा दुपट्टा घेतला होता आणि ती एकदाही न अडखळता बोलली. अब्बा बोलले, “चिट्ठी न्हाई, फोन न्हाई, कुनी बघितला न्हाई.” मग झुलेखाची पाळी आली.

“माझा भाऊ चार वर्षांपूर्वी घरून गेला,” ती म्हणाली. “त्यानंतर त्याची…” आणि तिचं तोंड थांबलं. पुढचं वाक्य डोक्यात लख्ख होतं, जिभेवर येईना. पंखा फिरत होता. मुनशींनी पेन उचलून धरलं. अब्बा तिच्याकडे बघायला लागले, जास्मिनने दुपट्ट्याचं टोक मुठीत घेतलं. कुणीही चुटकी वाजवली नाही.

“बोल बेटी,” काझीसाहेब म्हणाले. “घाई नाही.”

“दोन वर्षांपूर्वी मला फोन आला होता. कुणी बोललं नाही.”

अब्बांच्या खुर्चीचा आवाज झाला. काझीसाहेबांनी हाताने त्यांना थांबवलं. “मग तो उमर होता, हे कशावरून?”

“मागे हॅमरचे ठोके होते. आणि तो गुरुवार होता. गुरुवारी आपल्याकडे हॅमर बंद असतात.” ती सगळं सांगत गेली, वही, तारीख, ती स्वच्छ रेघ, आणि सांगता सांगताच तिला कळत होतं की हे बाहेरच्या माणसाला किती येडपटासारखं वाटत असेल. काझीसाहेबांनी मध्ये तोडलं नाही. शेवटी चष्मा काढून ते म्हणाले, “बेटी, तू खरं बोललीस, अल्ला तुला त्याचं फळ देईल. पण ज्याची खबर हरवली, त्याची खबर माणसाच्या तोंडून यावी लागते. ठोके तर अख्ख्या मुलखात पडतायत. श्वासाला खबर म्हणत नाहीत.” मग मुनशींकडे वळून म्हणाले, “लिहा. कसलीही खबर नाही.”

पेन चाललं. झुलेखाला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. तिने सांगितलं होतं आणि कुणाचं काही मोडलंही नव्हतं. याहून चांगलं काय व्हायचं? पण मुनशींचं पेन कागदावर घासत होतं आणि तिला वाटत होतं, उठून तो कागद ओढून घ्यावा. तिने सहीच्या जागी सही केली. अब्बा कुणाकडेही न बघता उठले आणि भिंतीला हात लावत जिना उतरून गेले.

जास्मिन आणि ती मागे राहिल्या. जिना अरुंद, अत्तराच्या वासाने कोंदलेला. झुलेखा म्हणाली, “माफ कर मला. तुझं सगळं मोडलं असतं.” जास्मिन दोन पायऱ्या उतरली, थांबली. पाठमोरीच होती. झुलेखाला वाटलं आता ती ओरडेल, आणि तिने ओरडायला हवंच होतं, इतक्या दिवसांत कुणीतरी ओरडायला हवं होतं.

“किती वेळ होता तो लाईनवर?” जास्मिनने विचारलं.

“चार मिनिटं.”

“चार मिनिटं गप्प होता?”

“हो.”

“आणि फोन कुणी ठेवला? त्याने?”

खाली अजिमने स्कूटर चालू केली होती, तिचा आवाज जिन्यात भरला. झुलेखा म्हणाली, “मी.”

जास्मिनने वळून तिच्याकडे पाहिलं. डोळे कोरडे होते. तिने दुपट्टा नीट डोक्यावर घेतला, आणि खाली जाता जाता, जणू भाजीचं काही सांगावं इतक्या साध्या आवाजात म्हणाली, “मी नसता ठेवला, आपा.”